तळाशी बसलेलं तिखट

यंदा पहिली शिंक समोरच्या गच्चीवरून आली. तिच्या पाठोपाठ शेजारच्या घरातून, मग आमच्या स्वयंपाकघरातून. होळी आटोपून उन्हाला धार आली की खामगावात आमच्या गल्लीत असंच होतं. गच्चीगच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर लाल मिरच्या ओतल्या जातात, आणि वारा कुठून कुठे चाललाय हे कळायला कोणी झाडाकडे बघत नाही. कोण शिंकलं ते ऐकलं की पुरतं. बायका दारात बसून देठं खुडतात, बोटांची आग झाली की ताकात बोटं बुडवतात, आणि पुन्हा खुडायला बसतात. लोक या दिवसांना उन्हाळा म्हणतात. मी मनातल्या मनात तिखटाचे दिवस म्हणतो. या दिवसांत माझं कशात लक्ष लागत नाही.

उठतो, बसतो. पंखा लावतो, बंद करतो. पेपर उघडतो आणि एकच ओळ तीनदा वाचतो. शोभा, माझी बायको, म्हणते, "बाहेरून एक चक्कर मारून या बरं. घरात काऊन असे फिरून राह्यले?" मी बाहेर पडतो, आणि बाहेर तर वास जास्तच.

तिला वाटतं, मला मिरचीचा त्रास होतो. होतोच. पण तो नाकाचा नाही.

मी बोलणारा माणूस नाही. पंधरा वर्षं बाजारात उभं राहून ज्यानं गळा फाडला, त्यानं असं म्हणावं हे विचित्र आहे. पण तिथे मी कंपनीचं बोलायचो. पाकिटातला मसाला विकणारी एक कंपनी होती, मी तिचा या भागातला माणूस. गावोगावच्या आठवडी बाजारात टेबल लावायचं, लाल टेबलक्लॉथ टाकायचा, मागे पोस्टर. त्यात लाल साडीतली गोरी बाई, तिच्या हातात वाटी, आणि दात चमकतायत. ते सगळं बोलणं मला पाठ करून दिलेलं होतं. माझं स्वतःचं असं मी आयुष्यात फार थोडं बोललोय. हे त्यातलं आहे.

माझं बालपण नांदुऱ्याचं. रेल्वेच्या आवाजात वाढलेल्या माणसाला गाडी गेलेली कळत नाही, ती आली नाही तरच कळतं. पण तिखटाच्या दिवसांत आमच्याकडे गाडीपेक्षा मोठा एक आवाज असायचा. मागच्या गल्लीत सुमनबाईंचं कांडप होतं. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं खाली यायची, धाड, धाड, आणि आमच्या घरातल्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. सुमनबाई नाकातोंडाला ओला फडका बांधून बसायच्या. कपाळ, भुवया, पापण्या सगळं लाल. भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिच्यावरही लाल धूळ बसायची, आणि काम सुरू करण्याआधी त्या ती पदरानं पुसायच्या. माझी आई डबा घेऊन जायची, मी सोबत. आईचं म्हणणं, यंत्राच्या चक्कीत मिरची जळते, मुसळाखाली ती नुसती फुटते. खरं होतं ते. सुमनबाईंचं तिखट भरड असायचं, बियांसकट, रंगानं थोडं उतरलेलं, आणि जिभेवर टाकलं की आधी वास, मग चव आणि मग आग, असं एकामागून एक यायचं.

एक गोष्ट आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल. आमचं घर भाजी विकणाऱ्या माळ्यांचं, सुमनबाईंचं बौद्धांचं. आई त्यांच्या तिखटाशिवाय भाजी फोडणीला टाकत नसे. पण त्या डबा द्यायला आमच्याकडे आल्या तर पाण्याचा पेला त्यांना अंगणात मिळायचा. कोणी काही बोलायचं नाही. त्या पाणी प्यायच्या, पेला स्वतः विसळून पालथा ठेवायच्या. मी लहानपणी हे पाहत होतो. आणि पाहिलेलं वाया जात नाही. पुढे ते माझ्या कामाला आलं.

मी कंपनीत लागलो त्या सुमाराला सुमनबाईंनी पाकिटं सुरू केली होती. पातळ पारदर्शक पिशवी, मेणबत्तीवर तापवलेल्या करवतीच्या पात्यानं बंद केलेलं तोंड, आणि आत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर रबरी शिक्क्यानं उमटवलेलं मुसळ. लोक त्याला मुसळ छाप म्हणू लागले. आसपासच्या बाजारात सुमनबाई गोणपाट अंथरून बसायच्या, पाकिटं रचायच्या आणि गप्प राहायच्या. त्यांना ओरडावं लागत नसे. आमच्या टेबलावर ढोल वाजायचा आणि बाया ढोल ऐकत ऐकत त्यांच्याकडे जायच्या.

आमचे साहेब एकदा नागपूरहून आले. लॉजच्या खोलीत आम्हा चौघांना बसवून त्यांनी तीन बोटं वर केली. म्हणाले, बाजारात लढाई तीन गोष्टींची असते: माल, भाव आणि नाव. मला विचारलं, "इथे आपल्याला कोण नडतंय?" मी मुसळ छापचं पाकीट पुढे ठेवलं. साहेबांनी चिमूट जिभेवर टाकली, रुमालानं डोळे पुसले आणि एक बोट खाली केलं. "मालात नको पडायला," ते म्हणाले.

मग भाव. त्या मोसमात आम्ही पाकिटाची किंमत इतकी खाली आणली की दुकानदारही हसायचे. वर पाव किलोमागे एक स्टीलचा चमचा. बाया चमच्यासाठी गर्दी करायच्या. एक म्हातारी तर मला तोंडावर म्हणाली, "चमचा तुमचा लय चांगला हाय भाऊ. तिखट मी तिचंच खाईन, पन वाढीन तुमच्या चमच्यानं." माझ्या घरीही निराळं नव्हतं. नमुन्याची पाकिटं मी घरी आणायचो आणि शोभा ती उंदरांच्या बिळात ओतायची. डब्यात मात्र मुसळ छाप. मी रोज सकाळी तेच तिखट तेलात कालवून भाकरीशी खायचो आणि कंपनीची टोपी घालून बाहेर पडायचो.

साहेबांचं दुसरं बोटही खाली गेलं. उरलं नाव. नाव म्हणजे आपलं वाढवायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण आपलं वाढवायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मोसम दोन महिन्यांचा. दुसऱ्याचं घालवायला एक काचेचा पेला पुरतो.

तो प्रयोग मला फोनवर समजावला गेला, इतका सोपा. दोन काचेचे पेले, पाणी. एकात आमचं तिखट टाकायचं. ते पिठासारखं बारीक, वर तेल चोळलेलं, म्हणून पाण्यावर तरंगायचं, लालभडक. दुसऱ्यात मुसळ छाप. भरड, बियांचं, तेलाशिवायचं. ते सरळ तळाशी जायचं. मग एवढंच म्हणायचं, "पाहा बाई, मिरची हलकी असते, थे वर तरंगते. जड काय असते? तुमीच सांगा." कोणीतरी गर्दीतून म्हणायचंच, "विटकर." तिखटात विटांची भुकटी मिसळल्याचा तो आरोप माझ्या तोंडून जायची गरजच नव्हती. तळाशी काय बसतं आणि का बसतं, हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

हे मी आजवर तीन-चार वेळा लिहायला घेतलं. दर वेळी इथेच थांबलो, आणि पेल्याची ही लबाडी कबूल केली की सगळं कबूल झालं असं समजून वही बंद केली. ते खोटं होतं.

आमच्या पाकिटावर एक ओळ छापलेली होती: मानवी हाताचा स्पर्श नाही. शहरातल्या कोणा शिकलेल्या माणसानं ती लिहिली असेल, त्याच्या मनात यंत्र असेल, स्वच्छता असेल. मी ती ओळ बाजारात माझ्या पद्धतीनं सांगायचो. "आमच्या तिखटाले कोनाचाच हात लागला नाही, बाई. बाकीच्याले कोनाचा हात लागते थे तुमी पाहा." आणि एवढं म्हणून मी सुमनबाई बसायच्या त्या दिशेला बघायचो. बस, बघायचो. विटकरीची गोष्ट मला साहेबांनी शिकवली. ही मला कोणी शिकवली नव्हती. अंगणातल्या पालथ्या पेल्यानं ती आधीच शिकवलेली होती.

एका शुक्रवारचा बाजार मला रंगासकट आठवतो. नांदुऱ्याजवळचं गाव, बाभळीखाली माझं टेबल, चार दुकानं सोडून सुमनबाईंचं गोणपाट. पेल्याचा प्रयोग सुरू झाल्यापासूनच्या पाचव्या की सहाव्या बाजाराला त्या उठून माझ्यासमोर आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"भाऊ, थो पेला इकडे द्या."

मी दिला. त्यांनी वरचं पाणी हळूच ओतून टाकलं. तळाचा ओला, लाल गाळ बोटावर घेतला आणि बोट माझ्यापुढे धरलं. आवाज चढलेला नव्हता. शाळेत मास्तरीणबाई गणित विचारतात तसं म्हणाल्या, "चाखून पाहा. विटकर तिखट नसते. जिभेले विचारा ना, डोयाले काऊन विचारता?"

ती चव माझ्या तोंडात सकाळचीच होती. मी अर्धं पाऊल मागे सरलो. हात पाठीमागे बांधले. म्हणालो, "आमच्या कंपनीचा नियम हाय बाई. हात लागलेलं आमाले चालत नाही."

मागून एक माणूस हसला. मग चारदोघं. ते हसू कंपनीच्या नियमाला नव्हतं. तिथे उभ्या प्रत्येकाला ते कळलं होतं, मलाही. सुमनबाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग तेच बोट तोंडात घालून चोखून साफ केलं, पेला माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिखटानं असेल, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलो.

त्यानंतर काहीच घडलं नाही, आणि सगळं घडलं. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त गोणपाटासमोर वाकणारे हात कमी होत गेले. दोन मोसमांत मुसळ छाप बंद. सुमनबाई पुन्हा लोकांचे डबे कांडू लागल्या, ज्यांना खात्री होती त्यांचेच. पुढच्या वर्षी आमच्या पाकिटाचा भाव वर गेला, वजन खाली आलं, चमचा गायब झाला. मला बढती मिळाली आणि मी खामगावला आलो. आई होती तोवर तिचा डबा त्यांच्याकडेच जायचा. एकदा मी भीत भीत विचारलं, काही म्हणाल्या का माझ्याबद्दल? आई म्हणाली, "काहीच नाही. डबा भरला, अन् वरतून मूठभर जास्त टाकलं." त्या मुठीनं माझी जेवढी झोप नेली, तेवढी शिव्यांनी नेली नसती.

कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली, मीही बाहेर पडलो. आता मोठ्या दुकानात जातो तेव्हा मसाल्याच्या फळीपुढे पाय आपोआप थांबतात. तिथे आजकाल एक महागडं पाकीट दिसतं. खाकी कागद, सुतळीची गाठ, त्यावर नऊवारीतल्या बाईचं चित्र, तिच्या हातात मुसळ. खाली लिहिलंय: पारंपरिक, भरड, हाताने कांडलेले. भाव दुप्पट. मी ते पाकीट उलटंसुलटं करतो. चित्रातल्या बाईला चेहरा छान दिलाय, घाम नाही, पापण्या काळ्याभोर. माल तोच, ज्याला आम्ही विटकर म्हटलं. भरडपणा तोच. हातसुद्धा आता विकला जातो, फक्त तो कोणाचा आहे हे पाकिटावर नसतं. मी पाकीट ठेवतो, दाराशी जातो, परत येतो, पुन्हा उचलतो. दुकानातल्या मुली आता मला ओळखतात, बहुधा वेडसर समजत असाव्यात.

यंदाचं निमित्त मात्र त्या दुकानाचं नाही. पहिली शिंक आली त्याच आठवड्यात मी आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात चहापत्ती घ्यायला गेलो होतो. तिशीतली एक मुलगी काउंटरवर पाकीट ठेवून शेठजींशी बोलत होती. पाकीट नीट मशीननं बंद केलेलं, छापील, परवान्याचा नंबर असलेलं. मधोमध मुसळ.

शेठजींनी वास घेतला. "माल एक नंबर हाय, प्रेरणाताई. तुमच्या आईचाच हात दिसून राह्यला. पन मुसळ छाप म्हनजे... थे विटकरवालं ना? जुने गिऱ्हाईक नावं ठेवतीन. नाव बदलून आना, मी ठेवतो."

"नाव आईचं आहे काका, ते नाही बदलणार," ती म्हणाली. "विटकर आहे असं म्हणत कोण होतं?"

"आता कोन म्हनत होतं, कोनाले माहीत? सगळेच म्हनत."

ज्याला माहीत होतं तो तीन हातांवर उभा होता. तिनं पाकीट पिशवीत घातलं आणि ती निघून गेली. मी घरी आलो. शोभानं विचारलं, "चहापत्ती?" ती मी आणलीच नव्हती. त्या संध्याकाळी मी शोभाला सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा. तिनं निवडायचं तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मले काय सांगता? जिचं हाय तिले सांगा."

नांदुऱ्याला गेलो. कांडपाचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच पायांना लागला. कांडपावर प्रेरणा होती. तिनं मला ओळखलं नाही, ओळखावं असं काही नव्हतंच. सुमनबाई ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. खूप थकल्यात. मी नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, "बसा. भाजीवाल्याचं पोरगं ना तुमी."

मी पेल्याचं सांगितलं. तेलाचं, बियांचं, तळाचं. त्या ऐकताना देठं खुडत राहिल्या.

"याच्यासाठी आले?" त्या म्हणाल्या. "माह्या तिखटात विटकर नव्हती हे मले माहीत होतं. तुमालेही माहीत होतं. दोघाइलेच माहीत असून काय फायदा भाऊ?"

आत मुसळं पडत होती, धाड, धाड.

"अन् विटकरीचं लोक विसरते," त्या म्हणाल्या. "हाताचं नाही विसरत. थे त तुमी अजून बोललेच नाही."

इतकी वर्षं वही जिथे बंद करत होतो, नेमक्या त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. मग त्याच म्हणाल्या, "प्रेरणा शुक्रवारच्या बाजारात बसून राह्यली आता. तिथं या. जिथं बोलले तिथंच बोला."

मी मान हलवली.

"मान नका हलवू. हो म्हना."

"हो," मी म्हणालो.

शुक्रवारी निघताना शोभानं काचेचा पेला टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. "बोलजा," ती म्हणाली. "नाहीतर तिथंही मान हलवान."

बाभूळ अजून आहे, खाली आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. त्याच्या पलीकडे प्रेरणाचं टेबल, शेजारी खुर्चीवर सुमनबाई. मी पेल्यात पाणी ओतलं, मुसळ छापची चिमूट टाकली. ती सरळ तळाशी गेली. पेला दिसला की गर्दी जमते, हे वीस वर्षांत बदललं नाही. पाचसात बाया थांबल्या. माझ्या तोंडात जुनं वाक्य आपोआप तयार झालं होतं, "पाहा बाई." ते मी गिळलं. वरचं पाणी ओतून टाकलं आणि पेला सुमनबाईंपुढे धरला. म्हणालो, "बाई, द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बोटानं तळाचा गाळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी खाल्ला. आधी वास आला, मग चव, आणि मग असा ठसका की डोळ्यांपुढचं सगळं विरघळलं. बाया हसल्या. एकीनं पाण्याची बाटली दिली. आणि लाज वाटते सांगायला, पण पाणी पिता पिता मला हलकं वाटलं. जणू झालं. जणू आता पेला टॉवेलात गुंडाळून साडेचारची बस पकडायला मी मोकळा झालो.

सुमनबाईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

"झालं?" त्यांनी विचारलं. "खाल्लं म्हनजे झालं का भाऊ? खानं काही मोठं काम नाही. माह्यं तिखट लोकाइनं जलमभर खाल्लं, तरी पानी अंगनातच देल्लं. आता बोला. तवा जेवढ्या मोठ्यानं बोलले होते, तेवढ्याच मोठ्यानं बोला."

मी पेला टेबलावर सुलटा ठेवला. घसा जळत होता. कंपनीनं दिलेला आवाज होता तो कुठे सापडेना, आणि माझ्या स्वतःच्या आवाजाची मला सवय नव्हती.

"बाया हो," मी म्हणालो, "याच जागी मी या बाईच्या तिखटाले विटकर म्हनवलं. थे खोटं होतं, अन् मले माहीत होतं. पन त्याच्याही पहिले मी तिच्या हाताबद्दल बोललो होतो. पहिले थे सांगतो."

गर्दी वाढली होती. मागून एक बाई म्हणाली, "ऐकू नाही आलं भाऊ. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.